पिसांचे दार, बिनराणीचे घर

मृगाचा पहिला दणकट पाऊस पडून गेला, की छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) मुकुंदवाडीतल्या एखाद्या जुन्या कंपाउंडच्या भिंतीशी सकाळी जरा थांबून पाहावे. भिंतीच्या बुडाशी मोठ्या काळ्या मुंग्यांची ये-जा चालू असते, पण ती रांग नसते. साखरेच्या डब्याकडे निघालेल्या लहान मुंग्या एकीमागे एक सलग चालतात. इथे मात्र जोड्या चालतात. एक पुढे आणि दुसरी तिला इतकी खेटून मागे, की मागचीच्या मिशा पुढचीच्या पोटाला आणि मागच्या पायांना सारख्या लागत असतात. थोडे चालायचे, स्पर्श झाला की आणखी थोडे चालायचे. मागची मध्येच कुठे अडखळली, तर पुढची जागच्या जागी थांबते आणि मागची येऊन भिडेपर्यंत हलत नाही. जोडी पुढे गेली की बराच वेळ भिंत मोकळी राहते, मग दुसरी जोडी येते. एखादीच्या जबड्यात कोष असतो, एखादीच्या जबड्यात पांढरी अळी. घरात पाणी शिरलेले असते आणि अख्खे कुटुंब उंचावरच्या नव्या जागी निघालेले असते.

ही डायकॅमा. मुंग्यांच्या ज्या शाखेत डंख शाबूत राहिला आणि शिकार हाच मुख्य धंदा राहिला, त्या पोनेरिनी उपकुलातली ती आहे. गुस्ताव मायर या ऑस्ट्रियन कीटकशास्त्रज्ञाने १८६२ मध्ये ही प्रजाती शास्त्राच्या वहीत नोंदवली. भारतात तिच्या अनेक जाती आढळतात आणि त्यांतली जिच्यावर आपल्या देशात सर्वांत जास्त काम झाले ती डायकॅमा इंडिकम. हे नाव १९२० मध्ये फेलिक्स सांत्शी यांनी दिले. हा माणूस मूळचा स्वित्झर्लंडचा. ट्युनिशियातल्या कैरुआन गावात तो डॉक्टरकी करायचा आणि फावल्या वेळात मुंग्यांचा अभ्यास. वाळवंटातल्या मुंगीवर सावली धरून आरशातून दुसऱ्या बाजूने सूर्य दाखवला की ती वाट बदलते, हे त्याने दाखवून दिले. मुंगी सूर्याच्या आधाराने दिशा ठरवते, याचा हा पहिला भक्कम पुरावा. आपल्या दारातल्या मुंगीचे बारसे अशा माणसाने केले, याचे मला फार अप्रूप वाटते.

मोठी काळी मुंगी दिसली की आपण तिला मुंगळा म्हणून मोकळे होतो, पण त्यात किमान दोन अगदी वेगळ्या मुंग्या असतात. आंब्याच्या कोयीवर, गुळाच्या ढेपेवर, शेवग्याच्या मावा पडलेल्या फांदीवर गर्दी करणारा तो कॅम्पोनोटस. त्याचे अंग गुळगुळीत असते आणि डोके मोठे. तो चावतो आणि जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडतो, पण त्याला नांगी नसते. डायकॅमा जवळपास तितकीच, म्हणजे सेंटीमीटरभर लांब असते, पण सडपातळ. तिचे अंग काळपट राखाडी असते आणि नीट पाहिले तर त्यावर नांगरलेल्या वावरातल्या तासांसारख्या बारीक समांतर रेघा दिसतात. कंबरेच्या गाठीवर मागे वळलेले दोन छोटे काटे असतात. ती बहुतेक वेळा एकटीच भटकते. फरशीवरून एकच मोठी काळी मुंगी मिशा हलवत, थांबत थांबत निघाली असेल, तर ती डायकॅमा असण्याची शक्यता फार. एखादी अळी, मेलेली माशी, वाळवीतला एखादा कीडा सापडला की ती तो स्वतःच उचलते. मदतीला कुणाला बोलवत नाही आणि वासाची वाटही आखत नाही.

तिसरी एक लाल मुंगी आहे, जिच्यामुळे डंखाची सगळी बदनामी होते. सोलेनॉप्सिस जेमिनाटा, म्हणजे बागेतली, गवतातली आग लावणारी लहान लाल मुंगी. ती आपली नव्हे. ती अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. सोळाव्या शतकापासून स्पॅनिश व्यापारी जहाजांमधून ती जगभर पसरली, असे जनुकीय अभ्यासातून २०१५ मध्ये पुढे आले. ती झुंडीने अंगावर चढते, सगळ्या मिळून डसतात आणि दुसऱ्या दिवशी त्वचेवर पुळ्या येतात. डायकॅमा या मातीतली, आणि तिची रीत निराळी. ती झुंडीने येत नाही. पायाची चाहूल लागली तर आधी बाजूला होते. दोरीवरून काढलेल्या ओल्या टॉवेलमध्ये, चपलेच्या पट्ट्याखाली, रात्री बाहेर टाकलेल्या सतरंजीच्या घडीत ती दबली, तरच डसते. किंवा मग आपण तिच्या दारातच बसलो तर.

मुंगीचा डंख म्हणजे अंडी घालण्याच्या नळीचे बदललेले रूप. त्यामुळे डसते ती मादीच. नराला नांगी नसते. मधमाशीच्या नांगीला मागे वळलेले दाते असतात, ते आपल्या कातडीत अडकतात आणि माशी मरते. डायकॅमाची नांगी टोचून पुन्हा बाहेर येते, म्हणून ती एकापेक्षा अधिक वेळा डसू शकते. तिचे विष मुळात शिकारीसाठी आहे. अळी किंवा किडा तडफडू नये, लुळा पडावा, हा त्याचा उपयोग. माणसाला मिळणारा ठणका हा त्या विषाचा दुसरा उपयोग, संरक्षणाचा.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगितली पाहिजे. मुंगी डसली की चुना लावायचा, खायचा सोडा चोळायचा, हा उपाय घरोघरी चालतो. त्यामागचा हिशेब असा, की मुंगीचे विष आम्ल आहे आणि चुन्याने ते मारले जाईल. पण पोनेरिनी मुंग्यांचे विष मुख्यतः प्रथिने आणि पेप्टाइड यांचे असते. फॉर्मिक आम्ल ही कॅम्पोनोटसच्या उपकुलाची मिरास. म्हणजे चुना लावून डायकॅमाच्या विषाचे काहीही बिघडत नाही, उलट कातडी भाजते. साबण लावून जागा धुवावी, थंड पाण्याची घडी ठेवावी, खाजवू नये. बहुतेकांचा ठणका थोड्या वेळात उतरतो. पण कुठल्याही डंखानंतर अंगभर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, श्वास लागला, घेरी आली, तर घरगुती उपायात एक मिनिटही घालवू नये. ती तीव्र ॲलर्जी असते आणि तिच्यावर ॲड्रेनालिनचे इंजेक्शन हाच इलाज. मुकुंदवाडीहून घाटी रुग्णालय फार लांब नाही. आधी कधी मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून ज्याला असे झाले असेल, त्याने तर डॉक्टरांना विचारूनच ठेवावे.

डंखाविषयी एवढे पुरे. या मुंगीचे खरे वैभव तिच्या घरात आहे, आणि त्या घराचे दारच आधी पाहण्यासारखे.

कडुनिंबाच्या बुंध्याशी, मुरुमात, दगडांच्या सांदीत किंवा भिंतीच्या पायाजवळ रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान भोक असते. भोवती मातीचा बुटका कठडा. आणि त्या कठड्यावर पिसे. मुकुंदवाडीत पाहिलेल्या अशा एका दारावर कबुतराची तीन-चार राखाडी पिसे उभी-आडवी खोचलेली होती, त्यांच्यामध्ये निंबाच्या वाळक्या काड्या, काटक्यांचे तुकडे आणि मेलेल्या मुंग्यांची सुटी डोकी. वाऱ्याने जमलेला कचरा असा दिसत नाही. हलकी फुंकर मारली तर सगळे जागच्या जागी राहते. एक पीस चिमट्याने काढून हातभर लांब टाकले, तर थोड्या वेळाने एक मुंगी बाहेर आली आणि तिने पिसाच्या टोकाला धरून उलट पावली ओढत ओढत ते पुन्हा दाराशी नेऊन लावले. पीस तिच्यापेक्षा कितीतरी मोठे होते.

हे कशासाठी? मार्क मॉफेट या अमेरिकी संशोधकाने भारतात फिरताना याच प्रकारच्या मुंग्यांकडे पहाटे पाहिले. १९८५ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक रिसर्च या नियतकालिकात त्याने लिहिले, की ही सजावट पाण्यासाठी आहे. रात्री आकाश निरभ्र असले की जमीन आणि तिच्यावरच्या वस्तू उष्णता सोडून गार होतात. जमीन जाड असते, तिच्यात दिवसभराची ऊब साठलेली असते, त्यामुळे ती सावकाश निवते. जमिनीपासून थोडे वर उभे असलेले हलके पीस मात्र चटकन गार होते. त्याला बारीक केसांचा प्रचंड पसारा असतो आणि त्या केसाकेसावर दव धरते. सूर्य वर यायच्या आत मुंग्या बाहेर येतात आणि पिसांवरचे थेंब गोळा करून आत नेतात.

मुकुंदवाडीला पाण्याची गोष्ट नवी नाही. पैठणचा नाथसागर इथून पन्नासेक किलोमीटरवर. तिथून येणारे पाणी शहराला पुरता पुरत नाही. २०१९ मध्ये इथली लहान मुले रेल्वेने औरंगाबाद स्टेशनवर जाऊन कळशा आणि कॅन भरून आणत होती. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. ती छायाचित्रे देशाबाहेरच्या वृत्तसंस्थांनीही जगभर पोहोचवली. त्या मुलांच्या कष्टाची मुंगीशी तुलना करणे मला पटत नाही. मुलांना पाणी मिळणे ही व्यवस्थेची जबाबदारी आहे, मुंगीचे पाणी ही तिच्या जातीची लाखो वर्षांची कमाई. पण या कोरड्या पठारावर दव हेही पाणी आहे, ही गोष्ट आपल्या पायाशी राहणाऱ्या जिवाला कळलेली आहे, एवढे तरी आपण पाहावे.

थेंब ती नेते कसा, हेही मोठे नवल. बऱ्याच मुंग्या पातळ पदार्थ पोटातल्या पिशवीत भरून नेतात आणि घरी जाऊन तोंडाने इतरांना देतात. डायकॅमाला हेही जमते, पण दुसरीही एक रीत तिच्याजवळ आहे. ती जबडे अर्धवट उघडून थेंब त्यांच्यामध्ये तोलून धरते. पाण्याच्या पृष्ठताणामुळे थेंब फुटत नाही. घरात पोहोचल्यावर बाकीच्या येऊन त्या थेंबाला तोंड लावतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या मुंग्यांना वेगवेगळ्या दाटपणाचे साखरेचे पाणी देऊन पाहिले. जबड्यांत धरून नेल्यास त्याच वेळात जास्त माल उचलला जातो, असे दिसले. पाणी दाट केले की मुंग्या पिणे सोडून जबड्यांत धरण्याकडे वळल्या. आणि हा बदल गोडीवर नव्हे, तर दाटपणावर ठरत होता. दाट रस पिऊन भरायला वेळ लागतो, धरून न्यायला लागत नाही. धरलेला थेंब वाटेत सांडायचा धोका मात्र असतो. ती घाई आणि धोका यांचा हिशेब घालते.

पिसांचा आणि मातीच्या कठड्याचा पावसाळ्यात वेगळा उपयोग होतो. कोलकात्याजवळच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, म्हणजे आयसरमध्ये, सुमना अन्नगिरी यांची प्रयोगशाळा वर्षानुवर्षे डायकॅमा इंडिकमच्या मागे आहे. त्यांनी आणि श्वेताश्री कोले यांनी २०१५ मध्ये दाखवले, की पुराशी ही मुंगी दोन पातळ्यांवर लढते. एक तयारी आधीचीच: घरटे उथळ ठेवायचे, दाराला कठडा आणि सजावट करायची. पाणी आत शिरलेच, तर दुसरी: सगळे सोडून उंचावर निघायचे. बंगालच्या पावसात जे दिसले ते मराठवाड्याच्या अवचित ढगफुटीलाही लागू पडावे असेच आहे. वर्षभर कोरड आणि एका रात्रीत पाणी, अशा ठिकाणी दव टिपणारे आणि पूर अडवणारे एकच दार असणे सोयीचे.

आता घराच्या आत जाऊ. शाळेच्या पुस्तकात मुंगीच्या घरात एक राणी असते, ती मोठी, जाड पोटाची, पंख गाळून बसलेली, बाकीच्या कामकरी. डायकॅमाच्या घरात अशी राणी नसते. कुठल्याच घरट्यात नाही, कुठल्याच जातीत नाही. राणीची घडण, म्हणजे मोठ्या अंगाची, पंखांसह जन्मणारी मादी, या प्रजातीतून उत्क्रांतीच्या ओघात नाहीशी झाली. सगळ्या माद्या एकाच साच्यातल्या. घर लहानसे, काही डझनांपासून दोन-तीनशे मुंग्यांपर्यंतचे. तरीही अंडी घालते ती एकटीच एक, आणि वीण चालते ती तिचीच. अशा, नराशी मीलन झालेल्या आणि अंडी घालणाऱ्या कामकरी मुंगीला गॅमरगेट म्हणतात. हा शब्द क्रिस्टियन पीटर्स आणि रॉबिन क्रू यांनी १९८४ मध्ये रूढ केला.

मग सगळ्या सारख्या असताना ही एकटीच का? उत्तर तिच्या खांद्याशी आहे. प्रत्येक डायकॅमा मादी कोषातून बाहेर येते तेव्हा तिच्या छातीच्या दोन्ही बाजूंना, जिथे इतर मुंग्यांच्या राणीला पंख असतात त्या जागी, एकेक इवलासा गोळा असतो. त्याला गेमा म्हणतात. तो पंखाचाच खुरटलेला अवशेष. त्याच्यावर स्पर्श जाणणारे केस असतात, आत स्राव निर्माण करणाऱ्या ग्रंथी असतात. डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी ही वस्तू, पण तिच्यावर त्या मुंगीचे सगळे आयुष्य टांगलेले असते.

नवी मुंगी बाहेर येते, अजून फिक्या रंगाची, मऊ अंगाची, धड चालताही न येणारी. तेवढ्यात घरातल्या मुंग्या तिच्याजवळ येतात, तिचे गेमा जबड्यांत धरतात आणि तोडून टाकतात. झाले. गेमा गेले की तिच्या वागण्यात कायमचा फरक पडतो. त्या केसांपासून मेंदूच्या दिशेने जाणारे मज्जातंतू झिजतात. ती दबून राहते, नराला बोलावत नाही, तिचे मीलन कधीच होत नाही. ती पिलांना सांभाळते, नंतर घराबाहेर पडते, शिकार करते, पिसे आणते, वेळ पडली तर डसते. पीटर्स आणि सेइगो हिगाशी यांनी ऑस्ट्रेलियातल्या डायकॅमावर १९८९ मध्ये हे प्रसिद्ध केले, त्याच वर्षी जपानी संशोधकांनीही अशीच निरीक्षणे मांडली. मुंग्यांच्या अभ्यासात ही मोठी खळबळ होती. मादीने आपल्याच बहिणीचा किंवा लेकीचा अवयव कापून तिची पायरी ठरवायची, असे कुठे पाहिलेले नव्हते.

जी एकटी गेमा राखून असते, तीच गॅमरगेट. ती मेली तर? मग पुढच्या कोषातून जी पहिली बाहेर येईल, तिचे गेमा कुणी तोडत नाही. तिचे गेमा राहतात. आणि ती स्वतः तिच्यामागून येणाऱ्या प्रत्येक बहिणीचे गेमा कापू लागते. म्हणजे तिच्यात आणि दुसरीत रक्ताचा फरक नाही, शक्तीचा फारसा नाही, बापही एकच. फरक आहे तो जन्माच्या वेळेचा, काही तासांचा. मला या प्राण्याचा विचार करताना सर्वांत खोल जाते ती ही गोष्ट. आपण किती सहज म्हणतो की मुंगीच्या राज्यात जन्मतःच राणी वेगळी, दासी वेगळी. या घरात दासी जन्माला येत नाही, बनवली जाते, आणि बनवणाऱ्याही तिच्या बहिणीच असतात. तरीही हे केवळ जुलमाचे राज्य आहे, असे म्हणून थांबता येत नाही. गॅमरगेट बहुधा एकदाच मीलन करते. त्यामुळे घरातल्या माद्या सख्ख्या बहिणी असतात, आणि मुंग्यांच्या आनुवंशिकतेच्या विचित्र रीतीमुळे सख्ख्या बहिणींचे तीन-चतुर्थांश जनुक सारखे असतात. आईची वीण वाढली, तर गेमा तुटलेल्या मुंगीच्याही रक्ताचा वारसा पुढे जातो.

पण भांडण संपलेले नसते. गेमा नसलेल्या मुंगीला मीलन करता येत नाही, तरी अंडाशय असतो. मीलनाशिवाय घातलेल्या अंड्यातून नर निपजतात, ही बहुतेक सर्व मुंग्यांची रीत. त्यामुळे एखादी कामकरी संधी साधून अंडे घालतेही. दुसऱ्या कामकरी ते शोधून खाऊन टाकतात. जपानमधल्या डायकॅमावर केलेल्या प्रयोगांत दिसले, की गॅमरगेट घरात फिरून आपल्या मुंग्यांना अंगाने स्पर्श करत राहते आणि त्या स्पर्शानेच त्यांना कळते की ती जिवंत आहे. मध्ये जाळी लावून स्पर्श बंद केला, की त्या अंडी घालू लागतात. घर मोठे झाले की प्रत्येकीपर्यंत पोहोचणे तिला अवघड जाते, म्हणून ती जास्त फिरते. बंगळूरमधल्या डायकॅमा सिलोनेन्सवरच्या कामात शरीरावरच्या मेणचट हायड्रोकार्बनांचे प्रमाण अंडाशयाच्या अवस्थेप्रमाणे बदलते, हेही समोर आले. स्पर्श करताना मिशीला जो वास लागतो, तो बहुधा हाच.

आणि या सगळ्याला धक्का देणारा पुरावा आपल्याच देशात सापडला. निलगिरीच्या डोंगरातल्या डायकॅमामध्ये गेमा कापतच नाहीत. सगळ्या कामकरी मुंग्यांचे गेमा शाबूत असतात, तरी मीलन झालेली एकच. तिथे दबाव ठेवला जातो तो अंगावर धावून जाऊन, मिशा आपटून, धमकावून. पीटर्स, योहान बिलेन आणि बर्ट होल्डोब्लर यांनी १९९२ मध्ये हे प्रसिद्ध केले. पुढे जनुकीय तपासणीत निलगिरीची ही मुंगी डायकॅमा सिलोनेन्सची जवळची नातलग निघाली, जी कापते. म्हणजे एवढी मोठी रीत नात्यातल्या दोन घराण्यांत वेगळी असू शकते. सपाटीवरच्या मुंग्या कापून प्रश्न कायमचा मिटवतात, डोंगरातल्या रोज भांडून. दोन्ही घरे चालतात.

अशा घरातून नवे घर निघते तेही निराळ्या रीतीने. इतर मुंग्यांची राणी पंख लावून उडते, दूर जाते, एकटीने घर मांडते. डायकॅमाची मादी उडूच शकत नाही. घर वाढले की त्याचे दोन होतात आणि एक गट चालत शेजारी जाऊन वसतो. नर मात्र पंखांचे असतात, ते उडून दुसऱ्या घराकडे जातात. त्यामुळे या मुंग्या एकदा उखडल्या, की पुन्हा यायला वेळ लागतो. माद्यांच्या चालीने जेवढे पसरता येईल तेवढेच त्या पसरतात. सिमेंटचा रस्ता, पेव्हर ब्लॉक, नाल्याची काँक्रीटची भिंत हे सगळे त्यांच्या वाटेतले अडथळे. मुकुंदवाडी एकेकाळी गाव होते. आता पलीकडे सिडको, इकडे चिकलठाणा एमआयडीसी, मधे जालना रोड. जुन्या बांधाचे आणि उघड्या मुरमाचे तुकडे जिथे राहिले तिथेच या मुंग्यांची जुनी घराणी राहिली असणार.

घर बदलण्याच्या प्रवासाची उकलही सुमना अन्नगिरी यांच्या गटाने बारकाईने केली आहे. आधी काही मुंग्या नवी जागा हेरतात. त्यांतल्या मोजक्याच वाटाड्या होतात आणि जुन्या घरातून एकेकीला बोलावून, मिशांच्या स्पर्शाने मागे लावून, नव्या घरी पोहोचवतात. पोहोचलेली वाट शिकते. काही जणी मग स्वतः वाटाड्या होतात. पिल्ले, कोष, अंडी हातोहात नेली जातात. गॅमरगेटलाही कुणीतरी असेच मागे लावून नेते. तिला पालखी नसते.

याच वेळी चोऱ्या होतात. २०१६ मध्ये याच गटाने नोंदवले, की घर हलत असताना शेजारच्या घरट्यातल्या डायकॅमा येऊन कोष पळवतात. पळवलेल्या कोषातून निघालेली मुंगी त्या परक्या घराची कामकरी होते. तिला आपल्या घराचा वास माहीत नसतो, मिळेल त्या घरात ती वाढते आणि राबते.  पावसाळ्यात भिंतीकडेला त्यांच्या जोड्या दिसल्या, तर लहान मुलांना तिथे पाय ठेवू देऊ नये; पायाखाली दबली, की ती डसते.

एवढे सगळे वाचून कुणाला वाटेल, की हे पाहायला प्रयोगशाळा लागते. लागत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतले दहापट मोठे करणारे हातभिंग पुरते. डायकॅमाची मेलेली मुंगी सापडली, की ती पांढऱ्या कागदावर घ्यावी आणि छातीच्या बाजूला, मधल्या पायाच्या वर पाहावे. बहुतेक वेळा तिथे गेमा नसतील, फक्त तुटल्याची खूण असेल. अंगावरच्या रेघा, कंबरेवरचे दोन काटे सहज दिसतात. थंडीच्या दिवसांत सूर्योदयाआधी पिसांच्या दाराशी उकिडवे बसावे, मात्र दारापासून दोन हात लांब. विजेरीच्या उजेडात थेंब दिसतात.

ज्यांच्या अंगणात किंवा शाळेच्या मैदानात असे दार असेल, त्यांना विनंती, की त्यावर मुंग्यांची पावडर टाकू नये, उकळते पाणी ओतू नये. या मुंग्या धान्याच्या कोठीला लागत नाहीत, झुंडीने घरात शिरत नाहीत. त्या अळ्या आणि किडे उचलून नेतात. अंगणात रांगते मूल किंवा डंखाची ॲलर्जी असलेले माणूस असेल, तर दाराभोवती चार विटा लावाव्यात आणि तिथे अंथरूण-कपडे टाकू नयेत. तेवढ्याने काम भागते.